शांताबाईच्या वर्गात कुणी पास होईना

काळाचौकीला शांता घाडगे नावाची बाई खाणावळ चालवायची. बाई पाटणकडची, हाडानं रुंद आणि आवाजानं त्याहून रुंद. दोन पाळ्यांच्या गिरणीवाल्यांना ती जेवायला घालायची आणि जेवता जेवता त्यांच्या खोडी काढायची. कुणी ताटाबाहेर भात सांडला, की लगेच म्हणायची, "आईनं वळान लावलं न्हाई तुला." तिला स्वतःला पोरबाळ नव्हतं. त्यामुळं वळण कसं लावायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

नवरा होता, पण गावाकडं. पन्नास सालच्या संपात दौलतचं मन गिरणीवरनं उडालं. मागाच्या साच्यावरचं काम सोडून तो गावी निघाला आणि बायकोला म्हणाला, चल. बायको म्हणाली, न्हाई येत. गावात सासू होती, दोन नणंदा होत्या, आणि हिच्या पोटाकडं बघून "औंदा तरी?" असं विचारणारी सारी आळी होती. मुंबईत निदान लोक आमटीत मीठ आहे का तेवढंच विचारत. दौलतला मुंबई नको, शांताला गाव नको. सहा वर्षं झाली, भांडण वाढलं नाही की मिटलं नाही. लोणच्यासारखं आपलं मुरत पडलं.

छप्पन साल उजाडलं तेव्हा गिरणगावात एकच सवाल होता, मुंबई कुणाची. दिल्लीवाले म्हणत, आम्ही सांभाळतो. लालबाग-परळ म्हणत होतं, तुम्हाला कुणी सांगितलंय सांभाळायला? अशा पेटल्या दिवसांत गिरगावातल्या काही बायकांना वाटलं, की अनाथ पोरांचंही कुणीतरी बघायला पाहिजे. त्यांनी एक मंडळ काढलं. मुंबईच्या धुरात पोरं सुकतात, म्हणून ती खेड्यातल्या जोडप्यांकडं सांभाळायला द्यायची. दत्तक नव्हे, सांभाळायला. पोराचं कुणी रक्ताचं माणूस उगवलं आणि त्यानं मागितलं, तर पोर परत. हे नीट कळावं म्हणून पाटण-महाडकडच्या बायका आधी मुंबईला आणायच्या, परळच्या एका हॉलात त्यांचा आठवडाभर वर्ग घ्यायचा, आणि त्यांचं जेवण शांताच्या खाणावळीतनं यायचं.

वर्ग घ्यायच्या राजलक्ष्मीबाई, मंडळाच्या चिटणीस. घराणं गिरगावातलं जुनं, चष्मा सोनेरी काड्यांचा, मराठी अशी शुद्ध की बोलताना बाई जणू एकेक शब्द पुसून ठेवताहेत. "संगोपन म्हणजे केवळ भरणपोषण नव्हे," त्या म्हणायच्या, आणि समोरच्या बायका एकमेकींच्या बांगड्या मोजायच्या.

एक दिवस शांता भाकऱ्यांची पाटी घेऊन आली ती ऐकत उभी राहिली. तिला राहवेना.

"अगं बायांनो," ती म्हणाली, "गावात शेळी अर्धलीनं देत्यात का न्हाई? शेळी दुसऱ्याची, गोठा आपला. दुसऱ्याची म्हनून उपाशी ठिवता व्हय? तसंच हे."

बायकांच्या तोंडावर एकदम उजेड पडला. सारं समजलं. महाडकडच्या एकीनं लगेच विचारलं, "मग पैलं वेत कुनाचं?"

राजलक्ष्मीबाईंनी शांताकडं बघितलं. "वेत म्हणजे काय हो?"

शेळीचं पहिलं करडू कुणाच्या वाट्याचं, हे सोनेरी चष्म्याला सांगण्यात शांताला अर्थ दिसेना. "वेतन, बाई. पगाराचं इचारत्यात."

"त्यांना सांगा, हे सेवेचं काम आहे."

"सेवा हाय गं," शांता बायकांना म्हणाली. "वेत-बित काय न्हाई."

त्या दिवसापासनं राजलक्ष्मीबाईंनी वर्ग शांताकडं सोपवला. आंघोळ, खाणंपिणं, दुखणंखुपणं, सगळं त्या शांताला आदल्या दिवशी सांगायच्या आणि शांता दुसऱ्या दिवशी अशा थाटात सांगायची, की जणू तिनं सात पोरं न्हाऊ घालून मार्गी लावलीत.

आंघोळ शिकवायला मंडळानं एक विलायती बाहुली दिली होती. बायकांना हसू आवरेना. "ही रडतबी न्हाई आन् लाथबी मारत न्हाई," शेवंती नावाची पाटणची बाई म्हणाली, "हिला तर माझी म्हसबी न्हाऊ घालंल." तेव्हा मंडळानं खरंच पोर पाठवलं. दोन वर्षांची नलू. आई माझगावला वारली होती, बाप जहाजावर खलाशी, त्याचा पत्ता नाही. ठरलं असं, की नलूवर बायकांनी शिकावं, आणि जी बाई पहिली पास होईल तिनं नलूला घेऊन गावी जावं. तोवर रोज गिरगावातनं कोण ने-आण करणार, म्हणून पोर शांताकडं राहील. तात्पुरती.

पास-नापास ठरवायचं काम शांताकडं होतं. इथंच सगळं बिघडलं.

पहिल्या वर्गात शेवंती सगळ्यांत तरबेज निघाली. नलू तिच्या मांडीवर आपोआप निजायची. शांतानं तिला नापास केलं. का, तर पाणी कोपरानं बघितलं ते बरोबर, पण कोपर मळका होता. महाडची बाई कोपर घासून आली. तिनं पोराला भरवताना घास फुंकला म्हणून ती नापास. तिसरीनं फुंकला नाही, म्हणून तीही.

आणि एवढ्यातनंही कुणी तगलीच, तर शेवटी शांताचा एक सवाल असायचा. "उद्या पोरीचा बाप आला आन् पोर मागितलं, तर देशील?"

कुणी "देईन" म्हणाली, की शांता म्हणायची, "बघा, माया न्हाई." कुणी "जीव गेला तरी देनार न्हाई" म्हणाली, की शांता म्हणायची, "बघा, नियम मोडनार." ह्या सवालाला तिसरं उत्तर नव्हतं. शांतानं तो तसाच बेतला होता.

शेवंती मात्र जाताना तिला ऐकवून गेली. "मला का पाडलंस ते कळलंय मला. पोरीचं झबलं तू शिवलंयस, त्याला ठिगळ न्हाई की डाग न्हाई. दुसऱ्याच्या शेळीला कुनी मखमली दावं बांधत न्हाई, शांताबाई."

"जा, गाडी चुकंल तुजी," शांता म्हणाली.

असे तीन वर्ग झाले. तेरा बायका आल्या, जेवल्या, नापास झाल्या, गेल्या. नलू जेवणाऱ्यांच्या पंगतीत हिंडू लागली. शांता आता सांडलेल्या भातावरनं कुणाला बोलेना, कारण निम्मा भात नलूच सांडायची. खाणावळीत आमटी दोन वेळा लागली, तेव्हा जेवणारे म्हणाले, बाईचं चित्त ठिकाणावर नाही. राजलक्ष्मीबाई मात्र खूश. मंडळाच्या बैठकीत त्या म्हणाल्या, की अशी कडक कसोटी घेणारी बाई उभ्या मुंबईत सापडणार नाही. आणि एवढी कडक बाई वर्गात अडकवून ठेवण्यापेक्षा तिला बढती द्यावी.

त्या स्वतः ही बातमी सांगायला काळाचौकीला आल्या.

"शांताबाई, आता तुम्ही गावोगाव फिरायचं. ज्या घरांत आधी मुलं दिलीत, ती तपासायची. महिन्यातले तीन आठवडे दौरा."

"आन् नलू?"

"तिची काळजी नको. वर्गातून कोणी मिळेना, म्हणून आम्ही परभारे अलिबागकडचं एक घर पाहिलंय. पुढच्या सोमवारी मुलगी जाईल."

शांताच्या हातात उलथनं होतं, ते तव्यावरच राहिलं. भाकरी करपल्याचा वास सुटला तरी ती हलेना.

"मी घेतली तर?" ती म्हणाली.

राजलक्ष्मीबाईंनी चष्मा काढला. त्या वाईट नव्हत्या. पण नियम त्यांनीच केले होते आणि आपल्या हातानं केलेली वस्तू माणसाला सुबक दिसते. "शांताबाई, जोडपं लागतं. आणि खेड्यातलं लागतं. तुम्ही एकट्या, त्यात मुंबईत."

"मी एकटी कुटं? मला नवरा हाय."

"कुठे आहे?"

"खेड्यातच हाय की," शांता म्हणाली. सहा वर्षांत दौलतचा हा पहिलाच उपयोग तिच्या ध्यानात आला होता.

शेजारच्या शकूकडं नलूला ठेवून ती एस.टी.त बसली. दौलत परड्यात पेंढ्या रचत होता. त्यानं मान वर केली, बायकोला बघितलं आणि पुन्हा पेंढी उचलली.

"कोन मेलं?" त्यानं विचारलं.

"कुनी न्हाई. तुमास्नी मुंबईला यायला लागतंय. परीक्षा हाय."

"कसली?"

"पोरगी सांभाळायची. पास झालो तर मी हितं ऱ्हायला येनार."

दौलतनं पेंढी खाली ठेवली. बराच वेळ तो हाताला चिकटलेलं कुसळ काढत राहिला. सासू आता थकली होती, तिनं आतनं खोकून आपण ऐकतोय एवढं कळवलं.

"आन् नापास झालो तर?"

"मग कशाला येऊ?"

"रोखठोक हायेस," दौलत म्हणाला. "धोतार बदलतो."

आपल्याच नवऱ्याला पास करायचं शांताच्या हाती असतं तर प्रश्नच नव्हता. पण परीक्षा राजलक्ष्मीबाईंनी स्वतः घेतली. हॉलाबाहेरच्या रस्त्यावर मोर्चाची माणसं जमत होती, घोषणा खिडकीतनं आत येत होत्या. दौलतनं नलूला आंघोळ घातली. साच्यावर तुटलेलं सूत जोडणाऱ्या त्या बोटांनी साबणाचा फेस पोराच्या डोळ्यांत जाऊ दिला नाही. दोरा सोडून ती बोटं दुसऱ्या कशाला इतकं जपून लागलेली शांतानं कधी बघितली नव्हती. नलूनं त्याच्या मिशीला धरून ओढलं. तो म्हणाला, "उपट. मलाबी नको झालीया."

राजलक्ष्मीबाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. मग म्हणाल्या, "आता शांताबाईंचाच प्रश्न. उद्या मुलीचे वडील जहाजावरून उतरले आणि त्यांनी मुलगी मागितली, तर?"

शांतानं नलूचं ओलं डोकं पदरानं पुसायला घेतलं. देते म्हणावं तर जीभ वळेना, न्हाई म्हणावं तर पोर अलिबागला. तेरा बायकांना तिनं ह्याच खड्ड्यात ढकललं होतं आणि वर उभं राहून बघितलं होतं. आता खालून वर बघताना तो बराच खोल वाटला.

बोलला तो दौलत. "बाई, आमची ही सहा वरसं मुंबईपाशी हाय. मी मागाय आलो न्हाई. मागून माझ्या वाट्याला आली नसती, आन् धरून ऱ्हायली नसती. आता ती आपनहून म्हनाली चला, तर आलो. पोरीचा बाप आला तर त्येला जेवाय वाढू. मग पोरगी कुनाच्या ताटात बसती ते बघू."

"हे उत्तर नियमात बसत नाही," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"मी तरी कुटं बसतोय."

राजलक्ष्मीबाईंनी टाक उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. तेवढ्यात दारातनं कुणीतरी हाक मारली, की सभेला उशीर होतोय आणि बायकांच्या तुकडीत पुढं त्यांनीच राहायचंय. त्यांनी घड्याळ बघितलं. मुंबई मिळवायची होती, एका पोरीपाशी किती वेळ घालवणार? त्यांनी घाईघाईनं सही केली आणि पिशवी उचलली. तेरा बायकांना जे कोपर घासून साधलं नाही, ते मोर्चाच्या घाईनं एका क्षणात साधलं.

खाणावळ शकूनं चालवायला घेतली. शकू मालवणची. भांडी ताब्यात घेताना तिनं कपाळावर हात मारला. "गो शांता, तुका खुळ लागला काय? आख्खो महाराष्ट्र मुंबय मागताहा, आनि तू मुंबय सोडून चललंस?"

"तुमी घ्या मागून," शांता म्हणाली. "आन् तो मोठा तोप कलंडतो बरं का. फडकं लावून धर."

गावात आळीनं तिच्या पोटाकडं बघायचं सोडलं आणि कडेवरच्या पोरीकडं बघायला सुरुवात केली. कुणाची, कुठली, जात कंची, सगळं विचारून झालं. सासूनं पहिला आठवडा पोरीला हात लावला नाही. दुसऱ्या आठवड्यात ती तिला चोरून गूळ द्यायला लागली आणि शांता ओरडली, की दात किडतील. सासू म्हणाली, "मला शिकवू नगंस. मी पाच वाढवलीत." शांतानं गुळाचा डबा तेवढा वरच्या फळीवर ठेवला.

सत्तावन्नची निवडणूक आली. एका दुपारी गावाच्या वाटेनं चार अनोळखी माणसं येताना शांतानं बघितली. तिघं पायजम्यातली, एक विजारीतला, उन्हानं रापलेला, चालताना जरा झुलणारा. खलाशी असाच चालत असणार, असं शांताला वाटलं. तिनं अंगणातनं नलूला उचललं आणि माजघरात नेऊन आतनं कडी घातली. वर्गात ती शिकवायची, की मागायला माणूस आला तर पोराचं तोंड धुऊन त्याला पुढं आणून उभं करायचं. शिकवायला ते फार सोपं होतं.

दौलत उंबऱ्यावर उभा राहिला. "घरात कुनी न्हाई," त्यानं आधीच सांगून टाकलं.

"दाजी, तुम्ही तर आहात," रापलेला माणूस म्हणाला. "समितीकडनं आलोय, मतं मागायला. आपल्याला काय पाहिजे? मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पायजे," माजघरातनं आवाज आला.

काळाचौकीला मोर्चे बघत बोलायला शिकलेलं पोर ते, त्याला राहवलं नाही. शांतानं तिच्या तोंडावर हात धरला, तसं ते बोटांच्या फटीतनं पुन्हा म्हणालं.

चौघं हसायला लागले. "दाजी, घरात तर पक्का कार्यकर्ता आहे. कुणाची हो पोर?"

दौलतनं मागं बघितलं. कडी वाजली. शांता नलूला कडेवर घेऊन बाहेर आली आणि त्या रापलेल्या माणसाचं तोंड तिनं नीट निरखून घेतलं. ओळखीचं काही नव्हतं त्यात. पोरीनंही त्याच्याकडं बघून नुसतं नाक ओढलं.

"माझ्यापाशी हाय," शांता म्हणाली. "कुनाची ते इचारू नगा. मतं किती पायजेत ते बोला."

"घरात किती आहेत?"

"सासू धरून तीन. तिन्ही घ्या आन् निघा. हिची जेवायची येळ झालीया."