पाणसळीत न बसलेली मुळं

दाजी गेले तेव्हा मेहुण्याला लोक म्हणाले, "दोन शब्द बोला." त्याला एकही सुचेना. थोरल्या बहिणीच्या, ताईच्या घरी, मागच्या खोलीत त्याचा उभा जन्म गेला. पण दाजींच्या मनात काय चालायचं, याचा त्याला कधी पत्ता लागला नाही. ठाऊक होती ती फक्त त्यांची पाणसळ.

दाजी फरश्या बसवणारे मुकादम. काम सुटलं तरी पाणसळ सुटली नाही. नळीतला बुडबुडा मधोमध आला की जग जागेवर आहे, असा त्यांचा समज. टेबलावर ठेवत, पलंगावर ठेवत. एकदा मेहुण्याच्या खांद्यावर ठेवून म्हणाले, "वाकडेच आहात, मेहुणेबुवा!"

अंगणातल्या जुन्या झाडाची मुळं वर आली, तेव्हा त्यांच्या मस्तकात तिडीक गेली. गुडघ्यांमुळे ताईला फाटकापलीकडे जाववत नसे. दुपारी त्या सावलीत बसणं हेच तिचं बाहेर जाणं.

"मुळांना हात नका लावू हो, झाड जाईल," ती म्हणाली.

"तू पडशील म्हणून करतोय!"

ती कधीच पडली नव्हती. पडत दाजीच, पाणसळीत डोळे घालून चालताना.

त्यांनी मुळं पार गाडून खोडालाही माती चढवली, धुम्मसाने ठोकली आणि मधोमध आलेला बुडबुडा शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. जणू जमीन त्यांनीच शोधली होती! वर्षभरात शेंड्याच्या फांद्या वाळल्या. दाजींचं निदान तयार, "माती कमी पडली."

मग मेहुण्याने खुरपं उचललं. दाजी जेवून आडवे झाले की तो हलक्या हाताने थोडी थोडी माती काढी, मुळं मोकळी करी, त्यांच्यामध्ये वाळल्या पाल्याचा पातळ थर पसरी, खोडाला मात्र टेकू देत नसे. ताई खुर्चीतून पहारा देई.

"घोरतायत. चालू दे."

आणि मध्येच, "थांबलं घोरणं! पळ!"

पुढे झाडाला पालवी फुटली. दाजी कमरेवर हात ठेवून उभे. "बघितलंत? मातीचा गुण!" एवढं अज्ञान एवढ्या ताठ मानेने मिरवायलाही अंगात धमक लागते.

दाजींच्या त्या शेवटच्या संध्याकाळी पाणसळ पुन्हा मुळांपाशी टेकली. बुडबुडा टोकाला पळाला.

"माती बसली वाटतं. उद्या दोन पाट्या आणा."

"आणतो."

"आणि हा पाला झाडून काढा."

"बघतो, दाजी."