आत्याची छाती आणि डॉक्टरचा प्रश्न

माझ्या आत्याइतकी बिनधास्त बाई अख्ख्या भोईवाड्यात दुसरी झाली नसेल. गिरण्यांचा संप लांबला, आतोबा घरी बसले, तेव्हा ती तळलेल्या बोंबलांची टोपली घेऊन थेट कोर्टाच्या दारात बसली. वकिलांशी हुज्जत घाली आणि उठवायला आलेल्या हवालदाराला "आधी खाऊन बघ, मग हाकल" म्हणे. चाळीच्या नळावर तिचा आवाज चढला की खालच्या मजल्यावरची भांडणं आपोआप मिटत. लाज तिला फक्त एकाच गोष्टीची. पाळी हा शब्द तिने कधी उच्चारला नाही. "कावळा शिवला" हेसुद्धा डोळ्यांनीच सांगे.

गिरण्या कायमच्या बंद झाल्या त्यालाही बरीच वर्षं लोटली, आणि आत्याला दम लागू लागला. मी तिला इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने तिला एका यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. श्वासातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बाहेर पडतो, त्यावरून श्वासनलिकांची सूज कळते. पाळीच्या चक्राबरोबर तोही थोडा कमीजास्त होतो म्हणे, म्हणून डॉक्टरने सरळच विचारलं, "मावशी, पाळी कधी आली होती?"

आत्याने पदर डोक्यावर ओढला. "फुंकायला सांगितलंत, फुंकते. असल्या चौकशा घरी बायकोकडे करा."

बिचाऱ्याचं लग्न व्हायचं होतं. त्याचे कान लाल झाले. पुढे दर खेपेला तो विचारी आणि ती छताकडे बघत "नेहमीसारखी" म्हणे.

खरं तर तिची पाळी केव्हाच थांबली होती. येण्याची जेवढी लाज, त्याहून जाण्याची जास्त. एकदा जिन्यात छाती आवळली, घाम फुटला, तरी "गॅस झालाय गो" म्हणत पायरीवर बसून राहिली. मीच तिला टॅक्सीत घातलं. हृदयविकाराचा झटका होता. थोडक्यात वाचली.

त्याच डॉक्टरने तिला हलक्या आवाजात समजावलं, "पाळी असेपर्यंत बाईची संप्रेरकं रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतात. पाळी गेली की हृदयाला जपावं लागतं. तुमची गेली असेल, तर तसं कळल्यावर मी हृदय आधीच तपासलं असतं."

आत्या भिंतीकडे तोंड करून रडली. "कधीची गेली रे बाबा. सांगायची लाज वाटली."

घरी आल्यावर ती मऊ झाली. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते, आतोबा खाटेवर पेपर वाचत होते. तिने एकदम विचारलं, "तुझी वेळेवर येते ना गो?"

मी कॉलेज शिकलेली, बँकेत नोकरी करणारी. आतोबांकडे बघून पुटपुटले, "आत्या, हळू बोल ना."

तिने माझा हात धरून ठेवला. आतोबांनी पेपर आणखी वर घेतला.