घरभेट

मॅडमनी पिठाचा डबा उघडला. विचारलं नाही. झाकण काढलं, वाकून आत पाहिलं, झाकण परत लावलं आणि सरांना म्हणाल्या, "भरलेला आहे."

सरांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं.

आई चहाचा ट्रे धरून उभी होती. तिच्या घरात, तिच्या डब्यात एक परकी बाई डोकावली आणि आई हसत होती. पाहुण्यांपुढं हसायचं असतं, म्हणून.

माझी तेव्हा बारावी झाली होती. बी. फार्मसीला नाशकात नंबर लागला होता. आता लोक म्हणतात, मुलींची फी माफ आहे ना, मग रडता कशाला? फी माफ आहे. होस्टेल माफ नाही. मेस माफ नाही. अ‍ॅप्रन, पुस्तकं, जर्नल, काहीच माफ नाही. आम्ही दिंडोरीच्या पुढं वस्तीवर राहतो. सकाळच्या प्रॅक्टिकलला वेळेवर पोचवेल अशी एसटी तिथून सुटत नाही. नाशकात राहिले तरच शिकणार, नाहीतर आईबरोबर द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाणार. मधला रस्ता नव्हता.

नाशकातली एक संस्था 'गरीब व होतकरू' मुलांचा राहण्या-जेवण्याचा खर्च उचलायची. मी फॉर्म भरला. तहसीलमधून काढलेला उत्पन्नाचा दाखला जोडला. त्या दाखल्यासाठी आईचे तीन दिवसांचे रोज बुडाले होते. संस्थेनं दाखला ठेवून घेतला आणि फोन केला. रविवारी समिती घरी येऊन पाहणी करेल.

"आपल्या घरी येनार?" आई म्हणाली. "एवढी मोठी मानसं?"

पाहणी म्हणजे काय, हे मी तिला सांगितलं नाही. मलाच नीट माहीत नव्हतं.

आमच्या वस्तीवर कुणाकडं पाहुणे यायचे असले की सगळी वस्ती कामाला लागते. कुणाच्या मुलीला बघायला येणार असले तर आमची चांगली चादर त्यांच्याकडं जाते. आमच्याकडं कुणी आलं तर त्यांचं इकडं येतं. त्यात कुणाला लाज वाटत नाही. शनिवारी आईनं घर सारवलं. भजनी मंडळाच्या चार खुर्च्या आल्या. टेबलफॅन आत्याचा. चिनी मातीचे कप शेजारच्या लताकाकूंचे, त्यांच्या मुलीच्या लग्नात आहेरात आलेले. कप देताना लताकाकू मला म्हणाल्या, "तू औषधवाली होनार ना? मंग यातला एक जरी फुटला तरी मला जन्मभर गोळ्या फुकट."

सगळ्या हसल्या. आईसुद्धा. साडी मावशीची होती, आईला थोडी लांब होत होती. रविवारी सकाळी तिनं पत्र्याची पेटी उघडली, कापडाच्या पुरचुंडीतनं सोन्याची फुलं काढली आणि कानात घातली. ती मात्र मागून आणलेली नव्हती. माझ्या आजीनं तिला दिली होती. आमच्या घरातलं सोनं तेवढंच.

वडील घरी नव्हते. ढग आले होते, बागेत औषध मारायचं होतं, मालकानं सुट्टी दिली नाही. म्हणून आई आणि मी, दोघीच.

मॅडम आईपेक्षा वयानं मोठ्या. तरी आईला "मावशी" म्हणाल्या. कामवाल्या बाईला म्हणतात तसं.

"मावशी, तुमचं तर बरं चाललंय की."

"तुमच्या आशीर्वादानं," आई म्हणाली. अजून हसतच.

सर पंख्याकडं बघत होते. मग कपाकडं. मग आईच्या कानाकडं. ज्या खुर्चीवर ते बसले होते तिच्या पाठीवर मंडळाचं नाव हिरव्या रंगात रंगवलेलं होतं. त्यावर ते आरामात टेकले होते. वाचलं नव्हतं.

"कसं आहे बेटा," ते म्हणाले, "आम्हाला खरोखर गरजू मुलं हवी आहेत. दात्यांना उत्तर द्यावं लागतं." आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

त्या टोपणाचा आवाज झाला आणि मी बोलायला लागले.

"सर, हे आमचं नाहीये. पंखा आत्याचा आहे. खुर्च्या मंडळाच्या. कप लताकाकूंचे. आईची साडी मावशीची आहे."

भराभर बोलले. तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तसं. 

मॅडम हसल्या. "अगं बाई! म्हणजे आमच्यासाठी सेट लावला होता का? आणि मावशींच्या कानातलं?"

मी म्हणाले, "ते पण मागून आणलंय."

हे खोटं होतं. त्या घरात त्या दिवशी मी बोललेलं एकच खोटं, आणि ते मी आईच्या तोंडावर बोलले.

आईनं माझ्याकडं पाहिलं. ट्रे खाली ठेवला. एक फूल काढलं, दुसरं काढलं. पदराच्या टोकाला बांधलं. "व्हय," ती म्हणाली, "लताबाईची हायेत. देऊन येते."

आणि ती घराबाहेर गेली. गाडी जाईपर्यंत लताकाकूंच्या घरामागं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हे मला लताकाकूंनी नंतर सांगितलं.

सरांनी टोपण काढलं. मला मदत मंजूर झाली.

होस्टेलला जायच्या दिवशी मी आईला म्हटलं, "फुलं घाल की." ती म्हणाली, "लताबाईची हायेत ती." तिनं ती परत कधी घातली नाहीत. मला कधी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षं मी त्यांच्या पैशावर जेवले. दर वर्षी कार्यक्रम व्हायचा. आम्ही स्टेजवर एका रांगेत उभे राहायचो आणि निवेदक प्रत्येकाच्या घराचं वर्णन वाचून दाखवायचा. कुडाचं घर. पत्र्याचं घर. मजूर आई. टाळ्या. मी आभाराचं भाषण करायचे. चांगलं करायचे. हे पण लिहिते, कारण ते खरं आहे.

दुसरं वर्ष संपताना मॅडमचा फोन आला. "या वर्षी घरभेटीला तू पण चल. तुला कळतं ना, कोण खरं, कोण नाटक करतंय ते."

मी गेले. मॅडमच्या एसी गाडीत पुढच्या सीटवर बसले, मॅडम आणि सर मागं. मला भारी वाटलं. हेही खरं आहे.

पेठ रोडच्या बाजूला एक खोली. सुरगाण्याकडून बांधकामावर मजुरीला आलेलं कुटुंब. मुलीला नर्सिंगला जायचं होतं. तिचं नाव मी लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही.

खोलीत काही नव्हतं. म्हणजे काहीच नव्हतं. एक खाट, खाटेवर गोधडी, कोपऱ्यात दोन पातेली. खुर्ची नाही. चहा नाही. बापानं हात जोडले. "आमच्याकडं काय नाय साहेब." मुलगी जुना ड्रेस घालून उभी होती. नवा असणार तिच्याकडं. अठरा वर्षांच्या मुलीकडं एक तरी असतोच.

म्हणजे सगळीकडं कळलं होतं. समिती येते तेव्हा घर कसं दिसायला लागतं, ते लोक शिकले होते. माझ्या आईला माहीत नव्हतं.

भिंतीवर एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. त्याच्या वर दोन खिळे. खिडकीतनं डिशच्या छत्रीची काळी वायर आत आली होती आणि खाटेमागं जाऊन दिसेनाशी झाली होती. मी वायर पाहिली. मुलीनं मला वायर बघताना पाहिलं.

मॅडम माझ्या कानाशी आल्या. "काय गं, खरंच इतकं रिकामं आहे, का उचलून ठेवलंय?"

मुलगी माझ्याकडं बघत होती. बाप हात जोडून होता. माझा तिसऱ्या वर्षाचा फॉर्म मॅडमच्या फाइलमध्ये होता.

"मी नाही सांगणार, मॅडम."

"म्हणजे?"

"त्यांनी उत्पन्नाचा दाखला जोडलाय. तो वाचा. मी कुणाचं घर तपासणार नाही."

"अगं, तू पण यातूनच वर आलीस ना?"

"म्हणूनच."

मला वाटलं, झालं. मी नाही म्हणाले. आता संपलं.

मॅडमनी खोलीवरनं नजर फिरवली. मग म्हणाल्या, "म्हणजे आहे काहीतरी."

त्यांनी वायर धरली आणि तिच्या मागं मागं गेल्या. खाटेखाली दुसऱ्या गोधडीत गुंडाळलेला टीव्ही होता. जुना. पडद्याला कोपऱ्यात तडा गेलेला. सर म्हणाले, "खोटं बोलणाऱ्यांना आम्ही मदत करत नाही," आणि फॉर्मवर आडवी रेघ मारली. बाप तसाच हात जोडून. हात खाली घ्यायचं त्याला सुचत नव्हतं.

मी गाडीत बसले नाही. मुलगी दारात आली.

"ताई," ती म्हणाली, "'नाय, काय लपवलं नाय' एवढंच म्हनायचं होतं. एवढं लांबलचक कशाला बोलली?"

 माझा स्वाभिमान राखायला तिचं ॲडमिशन गेलं. ती आता दिंडोरीकडं बागेत मजुरीला जाते. मी दोनदा तिच्या घरी गेले. दुसऱ्यांदा तिनं दार उघडलं नाही.

माझी मदत बंद झाली. पत्र आलं, दोन ओळींचं. ते घेऊन मी गावी गेले आणि आईला सगळं सांगितलं. टीव्ही, वायर, मी काय बोलले ते. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. ती भाजी निवडत होती. शेवटची काडी निवडून झाल्यावर म्हणाली,

"त्या पोरीच्या घरी त्यांना अडवलंस. मंग आपल्या घरी का नाय अडवलंस?"

आणि भाजी धुवायला गेली.

आता मी पंचवटीत एका खोलीत चौघींबरोबर राहते. कॉलेज सुटल्यावर मेडिकलवर काम करते. उरलेल्या वेळात अशा घरभेटींविरुद्ध पत्रकं लिहिते. या वर्षी माझ्या खोलीतल्या आणि जुन्या होस्टेलच्या मुलींनी त्याच संस्थेचे फॉर्म आणले तेव्हा मी तो फॉर्म पहिल्यांदा पूर्ण वाचला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलंय: 'घरपाहणीस माझी व माझ्या कुटुंबाची संमती आहे.' खाली सही. माझीही तिथं सही असणार. आईला मी विचारलं नव्हतं.

पत्रकं वाचून दाते मला विचारतात, खोटी माणसं घुसली तर? घुसतील. त्यासाठी तहसील आहे. दाखल्याची शंका असेल तर तिथं जा, तिथल्या साहेबाला विचारा. त्याचा डबा उघडा. तिथं जायची हिंमत नाही, म्हणून आमच्या आयांच्या कानाकडं बघता. शिक्षण हा आमचा हक्क आहे, आणि तो मिळवण्यासाठी घरात टीव्ही नसावा अशी अट कुठल्याही कायद्यात नाही.

मी एकटीनं नकार दिला, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय. एकटीचा नकार त्यांनी पुरावा म्हणून वापरला. म्हणून या वेळी एकटीनं काही करायचं नाही. ज्या मुलींचे फॉर्म आहेत त्या सगळ्यांनी त्या छापील ओळीवर काट मारायची, आणि फॉर्म वेगवेगळे न देता एका गठ्ठ्यात द्यायचे. परवा खोलीत यावर भांडण झालं. एक मुलगी रडली. म्हणाली, "तुझं ठीक आहे, तुझं आधीच गेलंय. माझं गेलं तर मी घरी काय सांगू?" मी तिची समजूत घातली नाही. तिचं जाऊ शकतं. सगळ्यांचं जाऊ शकतं. हे तिला स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्याकडं पेन मागितलं.

दोघींनी अजून काट मारलेली नाही. त्यांच्याशी मी उद्या बोलणार आहे. त्या नाही म्हणाल्या तर त्यांना कुणी टोमणा मारायचा नाही, हेही ठरलंय.

सोमवारी गठ्ठा मी माझ्या हातानं मॅडमच्या टेबलावर ठेवणार आहे. मीही पुन्हा अर्ज भरलाय; माझा फॉर्म सगळ्यात वर असेल. त्यांनी त्यातला एक जरी फॉर्म बाजूला काढला, तर मी सगळे उचलून आणीन.