टीव्ही घराबाहेर काढल्याची खरी हकीकत

आमच्या घरातला टीव्ही दोनदा पळत घराबाहेर आला. पहिल्यांदा भूकंप खरा होता.

त्या पहाटे लातुरातलं आमचं घर हललं, भिंतीत एक तिरपी चीर गेली आणि आम्ही अंगणात आलो. आईनं मला ओढत आणलं. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, टीव्ही आणला. उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या येऊ लागल्या आणि पुढे कित्येक महिने त्या टीव्हीवरून आमच्याकडे कोणी चकार शब्द काढला नाही. तशी वेळच नव्हती. पण आईनं मनात नोंद करून ठेवली होती, आणि आईच्या नोंदी पुसल्या जात नसत.

आप्पांची बाजूही सांगितली पाहिजे. त्यांचं लहानपण नांदेडला गेलं. तिथल्या एका टॉकीजमध्ये त्यांचे मामा मशीन चालवायचे. रविवारी सकाळी हॉलिवूडचा जुना चित्रपट लागायचा आणि आप्पा मशीनच्या खोलीतल्या भोकातून तो पाहायचे. मशीनच्या घरघरीत संवाद ऐकू येत नसत. आले असते तरी समजले नसते. त्यामुळे कथा आप्पा स्वतः तयार करत. ही सवय पुढे आयुष्यभर टिकली. केबलवर जुने हॉलिवूडपट दाखवणारा चॅनेल सुरू झाला, तेव्हा ते दर रविवारी दुपारी टीव्हीचा आवाज बारीक करून आम्हाला चित्रपट ‘सांगत’ बसत.

‘‘हा मिशीवाला तिला म्हणून राहिला की, तुझ्या बापाला सांग, हुंडा नको. ती म्हणती, हुंड्याचं जाऊ दे, तू कामधंदा काय करतूस?’’

पडद्यावर त्या वेळी विमान कोसळत असे.

नटनट्यांची खरी नावं आप्पांना पाठ होती, पण त्यांचा उच्चार जमत नसे. म्हणून आमच्या घरात त्यांची आमचीच नावं होती. तिरप्या टोपीचा, मिशीवाला, भुवयांची बाई. (भुवयांची बाई माझी आवडती. तिच्यासारखी एक भुवई वर करायला मी आरशासमोर सहा महिने शिकले. शेवटी दोन्ही जायच्या.) चुंबनाचा प्रसंग आला की आप्पा उठून पडद्यासमोर उभे राहत आणि मला पाणी आणायला सांगत. एका चित्रपटाला साधारण चार तांबे पाणी लागे.

अशा घरात मी बारावीला आले.

लातुरात तेव्हा बारावी ही परीक्षा उरली नव्हती, ते सुतक झालं होतं. ज्या घरात बारावी असे तिथली केबल तोडत, टीव्हीला गोधडी गुंडाळत, पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवत. भाजीवालीसुद्धा दारात हळू आवाजात विचारी, ‘‘बारावी हाय का?’’ आणि हो म्हटलं की न ओरडता पुढे जाई.

मला डॉक्टर करायचं, हे आईनं ठरवलं होतं. त्यासाठी केमिस्ट्रीच्या एका सरांच्या खास बॅचमध्ये जागा मिळणं आवश्यक होतं. सरांची अट एकच होती. घरात टीव्ही असेल तर जागा नाही. तसं फॉर्मवर पालकांनी लिहून द्यायचं, आणि मग सर न सांगता मोटारसायकलवरून घरी येऊन खात्री करत. आधी छपरावरची वायर पाहत. मग गोधडी गुंडाळलेलं काही दिसलं तर त्यावर हात ठेवून ते गरम आहे का, ते पाहत. नांदेड रोडवरच्या एका मुलाची जागा अशी गेली होती. गोधडीखाली त्याचे आजारी आजोबा होते, हे सरांना फार उशिरा कळलं.

आप्पांनी फॉर्मवर लिहिलं, ‘घरात टीव्ही नाही.’ खाली सही केली. मग ते उस्मानभाईंकडे गेले.

उस्मानभाई आमच्या गल्लीतले टीव्ही दुरुस्तीवाले आणि केबलवालेही. आप्पांचे जुने दोस्त. त्यांनी आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या पाठीला हवेसाठी भोक पाडलं आणि खालच्या कप्प्यात टीव्ही बसवला. दार लावलं की कपाट, उघडलं की टॉकीज. वर आईच्या साड्या. आतल्या खोलीत बटण नव्हतं, म्हणून त्यांनी विजेची वायर बाहेरच्या खोलीतून, कपाटाच्या दाराच्या फटीतून आणली. केबलही तिकडूनच, जमिनीलगत आणली, म्हणजे छपरावर काही दिसायला नको.

‘‘वायर ढिल्ली ठेवतो, आप्पा,’’ उस्मानभाई म्हणाले. ‘‘मागंपुढं करायला बरं.’’

पुढचं सगळं या ढिल्या वायरीमुळे झालं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. भूकंपानंतर आमच्याकडे बऱ्याच घरांत एक व्यवस्था असे. स्वयंपाकघरातल्या फळीवर स्टीलची भांडी एकावर एक रचून ठेवायची. जमीन हलली की ती पडतात, आवाज होतो, माणसं जागी होतात आणि बाहेर पळतात. आमची उतरंड सात भांड्यांची होती. सर्वांत वर एक फुलपात्र. ते पडलं की कोणी कोणाला काही विचारायचं नाही, बाहेर निघायचं, असा नियम होता. आमचा सराव उत्तम होता. चार वर्षांत ते फुलपात्र मांजरानं नऊ वेळा पाडलं आणि नऊही वेळा आम्ही वेळेत अंगणात होतो, आई आप्पांचा हात धरून असल्यामुळे टीव्हीशिवाय.

त्या रविवारी दुपारी कपाट उघडं होतं. तिरप्या टोपीचा आणि भुवयांची बाई एका रेल्वे स्टेशनवर निरोप घेत होते. आप्पांच्या म्हणण्यानुसार तो तिला उमरीच्या गाडीत बसवून देत होता. माझ्या मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक होतं, उघडं. (उघडं होतं एवढंच.) आई स्वयंपाकघरात होती.

त्याच वेळी सर गल्लीत शिरले. त्यांची मोटारसायकल जुनी आणि दणदणीत होती. ती आमच्या भिंतीलगत येऊन थांबली, पण सरांनी ती लगेच बंद केली नाही. भिंत थरथरली. फळी थरथरली. फुलपात्र पडलं आणि मागोमाग सहा भांडी.

‘‘बाहेर!’’ आई ओरडली.

आम्ही सरावलेली माणसं. आप्पांनी कपाटातून टीव्ही एका बाजूनं धरला. मी दुसऱ्या बाजूनं. मला कोणी सांगितलं नव्हतं. दप्तर तिथेच होतं, पुस्तक तिथेच होतं, दहावीचं सर्टिफिकेट कपाटाच्या वरच्या कप्प्यात होतं. मी टीव्ही धरला. बाहेरच्या खोलीतून, उंबऱ्यावरून, पायरीवरून आम्ही धावत अंगणात आलो. विजेचं बटण बाहेरच्या खोलीत होतं, केबल तिथूनच आत आली होती आणि वायर ढिली होती. त्यामुळे बाहेर येताना ती ताणली गेली नाही, उलट आणखी ढिली झाली.

टीव्ही चालूच राहिला.

फाटकात सर उभे होते. मोटारसायकल आता बंद होती आणि जमीन अजिबात हलत नव्हती. आप्पा उलटे चालत येत असल्यामुळे त्यांना सर दिसले नाहीत. मला दिसले. पायरीवर वळताना पडद्याचं तोंड नेमकं फाटकाकडे झालं होतं. तिरप्या टोपीच्यानं टोपी काढली, भुवयांची बाई त्याच्या गळ्यात पडली आणि आमच्या अंगणात, भर दुपारी, खास बॅचच्या सरांसमोर, व्हायोलिनच्या साथीत, त्यांनी एकमेकांचं चुंबन घेतलं. ते लांबलं. आप्पांचे दोन्ही हात गुंतलेले होते.

‘‘पाणी आण,’’ आप्पा सवयीनं म्हणाले.

कोणी हललं नाही. मग आई पुढे झाली आणि दोरीवरचा टॉवेल तिनं पडद्यावर टाकला. व्हायोलिन टॉवेलाखाली वाजत राहिलं.

सरांनी खिशातून फॉर्म काढला. तो उलगडला. वाचला.

‘‘आप्पा, घरात टीव्ही नाही, असं तुम्ही लिहून दिलंय.’’

आप्पांनी टीव्हीकडे पाहिलं. मग घराकडे पाहिलं. ‘‘घरात न्हाईच की, सर,’’ ते म्हणाले.

माझी जागा गेली, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. आईलाही दिसलं असावं. कारण तिनं एक पाऊल पुढे टाकलं आणि आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या माणसाच्या शांतपणानं ती म्हणाली, ‘‘तेच काढून राहिलेत, सर. पोरीनं सकाळपासून धरलंय, माझी बारावी हाय, हे डबडं घरात नको म्हणून. जेवलीसुदीक न्हाई.’’

(मी चार पोळ्या जेवले होते.)

सरांनी टॉवेलाकडे पाहिलं. ‘‘चालू ठेवून काढलं?’’

‘‘बंद करायलाबी थांबली न्हाई,’’ आई म्हणाली.

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. माझे हात टीव्हीच्या वजनानं थरथरत होते. सरांना ते निश्चयानं थरथरताहेत असं वाटलं. ते जवळ आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की, इतकी वर्षं शिकवून राहिलो, पण अशी मुलगी पाहिली नाही. जागा नक्की झाली. इतकंच नव्हे, तर पुन्हा मोह नको म्हणून परीक्षेपर्यंत हा टीव्ही ते स्वतःच्या घरी सांभाळणार होते.

आप्पांनी तोंड उघडलं. आईनं त्यांच्याकडे पाहिलं. आप्पांनी तोंड मिटलं. टीव्ही न्यायला उस्मानभाईंचा हातगाडा बोलावला. उस्मानभाईंनी टॉवेल काढून आधी सेट पाहिला, मग आप्पांचा चेहरा पाहिला आणि हळूच विचारलं, ‘‘कौन गया, आप्पा?’’

इथे हे प्रकरण संपलं असतं तर ठीक होतं. पण सोमवारी सरांनी मला सगळ्या बॅचसमोर उभं केलं आणि माझी गोष्ट सांगितली. पुढच्या सोमवारी पुन्हा सांगितली, आणि त्या वेळी मी टीव्ही एकटीनं उचलला होता. दिवाळीपर्यंत मी तो डोक्यावर घेऊन पळाले होते. नायगाव आणि भोकरहून मुलांना घेऊन आलेले पालक क्लासची चौकशी झाली की आमच्याकडे येत, अंगणातली ती जागा पाहत आणि माझ्या पाया पडायला स्वतःच्या मुलांना पुढे ढकलत. ते पाहून आमच्या भागातले पालकही आपापले टीव्ही सरांकडे जमा करू लागले. सरांच्या बैठकीत अकरा टीव्ही झाले. बॅचमधल्या एकाही मुलानं वर्षभर मला वही दिली नाही. उस्मानभाईंची केबलची अकरा गिऱ्हाइकं तुटली. ते आप्पांना म्हणाले, ‘‘तुमची लेक डॉक्टर होईल का न्हाई ते अल्ला जाने, पन माझा धंदा तर तिनं मारला.’’

आप्पा मात्र हळूहळू खुलू लागले. दर रविवारी दुपारी ते माझी प्रगती विचारायला सरांकडे जात. प्रगती विचारायला नेमके अडीच तास लागत. एकदा वही विसरले म्हणून मी तिथे गेले, तर बैठकीत सतरंजी होती. सतरंजीवर सर, आप्पा आणि उस्मानभाई होते. समोर आमचा टीव्ही होता, आणि आप्पा सांगत होते, ‘‘हा मिशीवाला आता सावकाराकडं निघाला.’’

सरांनी मला पाहिलं. ते सतरंजीवर ताठ होऊन बसले.

‘‘टीव्ही चालू ठेवावा लागतो,’’ ते म्हणाले. ‘‘न्हाई तर खराब होतो. तू अभ्यास कर.’’

म्हणजे आमच्या ओळखीतल्या माणसांत चित्रपट न पाहणारी मी एकटी उरले होते. आता मी केमिस्ट्री करायला हरकत नव्हती. पण रविवारी संध्याकाळी आप्पा परत आले की मी माझी प्रगती विचारायच्या निमित्तानं त्यांना आतल्या खोलीत घेई, आणि ते रिकाम्या कपाटासमोर उभे राहून अख्खा चित्रपट हातवाऱ्यांसह सांगत. मी तो केमिस्ट्रीच्या वहीत मागच्या पानापासून लिहून घेई. मार्चपर्यंत मागून येणारे चित्रपट पुढून येणाऱ्या केमिस्ट्रीला ओलांडून गेले होते.

निकाल लागला. मेडिकलला लागतात त्याच्या बरेच खाली माझे गुण होते. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं उतरंडीची सात भांडी खाली काढून घासली आणि परत रचली. त्याच संध्याकाळी सर स्वतः उस्मानभाईंच्या हातगाड्यामागे चालत टीव्ही परत द्यायला आले. चहा घेतला. मिशीवाल्याचं पुढे काय झालं ते आप्पांना विचारलं. माझ्या गुणांबद्दल एक शब्द काढला नाही. जाताना मात्र माझा एक फोटो मागून नेला.

आठवड्यानं सरांच्या क्लासची पानभर जाहिरात वर्तमानपत्रात आली. मेडिकलला लागलेल्या मुलांचे फोटो ओळीनं होते आणि प्रत्येकाखाली गुण होते. शेवटच्या ओळीत शेवटचा फोटो माझा होता, एक भुवई वर करायच्या प्रयत्नात दोन्ही वर गेलेला. त्याखाली गुण नव्हते. ‘त्याग’ असं छापलं होतं.

पुढे मी बातम्या लिहिण्याच्या धंद्यात पडले, पण वर्तमानपत्रात माझा फोटो आला तो तेवढाच. मजकूर एका शब्दाचा होता, आणि तोही खोटा.