गोविंदच्या तेराव्याची मावा जिलेबी

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात आमची प्लाटून निझामाच्या सरहद्दीवर, एका नाल्याच्या अलीकडे होती. सकाळी पाचला स्टँड-टू म्हणजे शस्त्रे घेऊन सज्ज उभे राहणे, सातला चहा, मग शस्त्रसफाई. हुकूम येईपर्यंत दुसरे काम नव्हते. मी वायरलेस ऑपरेटर होतो, निंबोल्याचा. सेक्शनचा लान्सनायक गोविंद महाजन बुऱ्हाणपूरच्या इतवारा मोहल्ल्यातला. आम्ही दोघेच एका तालुक्यातले, म्हणून तंबू एक.

आगेकूच करायच्या आदल्या दुपारी गोविंदने गवळ्याकडून सहा शेर दूध आणून लंगरमध्ये, फौजेच्या स्वयंपाकघरात, आटवले. सेक्शनला मावा जिलेबी खाऊ घालायची त्याची जिद्द. मावा नुसत्या दुधात सैल मळला, कापडाला भोक पाडून कढईत वेढे सोडले. वेढे दोन क्षण दिसले आणि तुपात विरून गेले.

हवालदार म्हणाले, "महाजन, ही जिलेबी की खीर?"

"साहेब, माझी माय करते तर चांगली होते."

"मग मायलाच भरती करू. तुझ्यापेक्षा कामाची."

गोविंदही हसला. मला म्हणाला, "सुटीत घरी चल. मायकडून शिकून घेऊ, कुठं चुकलं ते."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता हुकूम आला. नाला दुथडी भरलेला. पलीकडच्या बाभळीला दोर बांधायचा होता. गोविंद पोहून गेला. सहा वाजून चोवीस मिनिटांनी माझ्या सेटवर कंपनीचा आवाज आला. थ्री म्हणजे आमची प्लाटून.

"हॅलो थ्री, दोर लागला का? ओव्हर."

पलीकडे गोविंदकडे बघत मी म्हणालो, "थ्री. एक गाठ बाकी. ओव्हर."

पलीकडच्या बांधावरून गोळीबार सुरू झाला. गोविंदने गाठ मारली, दोर ओढून पाहिला आणि हात वर केला. तेव्हाच त्याच्या मानेत गोळी लागली. तो नाल्यात पडला. पाणी त्याला घेऊन गेले. त्या दोराला धरून आम्ही सत्तावीस जण पार झालो.

दोन दिवस शोधले. देह सापडला नाही. मी जबाब लिहून दिला, सही केली. ऑफिसातल्या बाबूने रजिस्टरात 'मिसिंग' लिहिले.

मी म्हणालो, "तो माझ्यासमोर मेला."

"बॉडी आहे?"

"नाही."

"मग मिसिंग. नेक्स्ट."

वर्षाने मी फौज सोडली आणि इतवाऱ्यात गेलो. गोविंदच्या आईच्या चुलीशेजारी कढई पालथी होती. मुलगा मेला म्हणावे तर कागद नाही, म्हणून सुतक नाही. जिवंत म्हणावे तर सणाचे तळण करायला हात धजत नाही. वर्षभर तिने कढई सुलटी केली नव्हती. गल्लीत बोलले जात होते की गोविंद फरार झाला, निझामाला मिळाला. विलीनीकरणाच्या आनंदात चौकात जिलेबी वाटली, तेव्हा कापडवाल्या शेठजींनी तिचा द्रोण चुकवला होता. वर विचारले होते, "काय गोदाबाई, पोरगा तिकडं सरदार झाला का?"

हे ऐकून माझे रक्त उकळले. ज्यांनी सरहद्द नकाशातही पाहिली नाही, त्यांनी देशभक्तीचे द्रोण वाटायचे! आणि ज्याच्या दोराला धरून पलटण पुढे गेली, त्याच्या आईने मान खाली घालायची!

गोदाकाकूने एकच विचारले. "तू सोताच्या डोळ्यानं पाहिलं का रे?"

"पाहिलं काकू. आधी गाठ पक्की केली, मग पडला."

ती उठली आणि डोक्यावरून पाणी घेतले. त्या दिवसापासून सुतक मोजले. तेराव्याला गोड करायचे असते, आणि त्या घराची कढई बाहेरच्या माणसाने चढवायची असते. ती मी चढवली.

"जिलेबीच कर. मी सांगते," ती म्हणाली.

मी मावा मळायला घेतला. तिने पुडी पुढे केली. "आरारूट घाल आधी. त्यानं घातलं नसंल. मावा एकटा तुपात टिकत नाही, त्याला धरायला काहीतरी लागतं. आच मंद ठेव."

वेढे टिकले. काळपट तांबूस होऊन तळून निघाले, पाकात पडले.

आमच्याकडे तेराव्याचे गोड ज्याने खाल्ले, त्याने तो मृत्यू मानला. म्हणून पहिले ताट घेऊन मी भरदुपारी शेठजींच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक बसले होते.

"गोविंदच्या तेराव्याचं आहे. खा."

"सरकारी कागज आला का?"

"नाही आला. साक्षीदार आलाय. खोटा वाटत असेल तर चार माणसांत तसं म्हणा."

शेठजी गिऱ्हाइकांकडे बघत राहिले. मी ताट खाली ठेवले नाही. हात भरून आला तरी ठेवले नाही. शेवटी त्यांनी एक वेढा उचलला. संध्याकाळपर्यंत अख्खी गल्ली गोदाकाकूच्या ओट्यावर जेवून गेली. ताटे तिने स्वतः वाढली.

रजिस्टरात तो आजही 'मिसिंग' आहे. मी अर्ज करतो, उत्तर येत नाही. म्हणून इथे लिहितो. लान्सनायक गोविंद महाजन, इतवारा, बुऱ्हाणपूर. सकाळी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी पडला. दोर बांधलेला होता.