हिराजीचा फोटो

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायको वारली, तिलाही नाही. आज सांगतो. लिहीत नाहीये, फोनला बोलून दाखवतोय, अक्षरं तोच उमटवतो. का, ते पुढे कळेल.

डोंबिवलीच्या खाडीकाठचा कोळी मी, सत्तरी कधीच ओलांडली. गावात माझा शब्द खाली पडत नाही, आजही. तीन वर्षांमागच्या इलेक्शनला तर फोन हातातून सुटत नव्हता. झोप उडालेली, जेवणात लक्ष नाही. आमच्या पक्षाचं जे येईल ते मी गावच्या ग्रुपवर ढकलायचो. सकाळी बंदराच्या कट्ट्यावर पेपर उघडून बसायचो. लोक म्हणायचे, धर्मादादा सगळं वाचून असतात.

एक दिवस फोटो आला. हिराजी एका पुढाऱ्याशेजारी, गळ्यात हार. हिराजी म्हणजे — एकाच होडीत तीस वर्षं जाळं ओढलं आम्ही. खाली चार ओळी. मला वाटलं, सत्कार असेल. ढकलला.

दुपारी सून आली. "बाबा, हे तुम्ही टाकलंत?" तिने वाचून दाखवलं. हिराजीने खाडीत भराव घालायला बिल्डरला होकार दिला, बंदर विकलं — असं लिहिलेलं. खोटं होतं. तो त्या पुढाऱ्याकडे बंदराला जेट्टी मागायला गेलेला. मला सांगून गेलेला.

संध्याकाळी गावकी बसली. हिराजीनेच विचारलं, "धर्मा, तू सोता वाचलास का रं?"

काय सांगायचं होतं? नाही रे, मला वाचता येत नाही. एवढंच. घरच्यांना तेवढं ठाऊक, बाहेर कुणाला नाही. पेपर मी नुसता धरायचो. गाव हसलं असतं — किती दिवस? दोन? आणि खरं सांगू, तो समोरच्या पक्षाच्या पुढाऱ्याच्या दारात गेला याचा रागही होता पोटात.

मी म्हटलं, "शब्द न् शब्द वाचलाय. खरं आहे ते."

"दादा बोलले म्हंजे झालं," मागून कुणीतरी म्हणालं. हिराजीने माझ्याकडे पाहिलं. उठून घरी गेला.

नारळी पुनवेला खाडीला पहिला नारळ वाहायचा मान त्याच्या घराचा, आजा-पणजापासूनचा. गावकीने तो काढून घेतला. दिला कुणाला? मला. मी घेतला.

तीन पुनवा झाल्या. मिरवणूक त्याच्याच दारावरून जाते. पहिल्या वर्षी तो उंबऱ्यात उभा होता. हात जोडले — नारळाला, मला नाही. यंदा दार लावलेलं होतं. बँजो वाजत होता, कुणी थांबलं नाही. मीही नाही. बंदरावर गेलो, पाण्यात उतरलो, नारळ सोडला.

दुसऱ्या सकाळी कट्ट्यावर पेपर उघडून बसलो.