हसऱ्या चेहऱ्यावरचे चिमटे

चेहऱ्यांचा तक्ता बाईंनी मोठ्या हौसेने केला होता. हसरा, रडका, घाबरलेला आणि रागावलेला असे चार चेहरे, आणि प्रत्येक मुलाच्या नावाचा कपडे वाळत घालायचा एकेक चिमटा. सकाळी वर्गात आलं की मन जसं असेल तिथे आपला चिमटा लावायचा. पूर्वी बाई पट्टी आपटून दुसरीचा वर्ग गप्प करायच्या. प्रशिक्षणाहून आल्या आणि पट्टी कपाटात गेली. नवरा म्हणाला, घरीही एक तक्ता लाव, म्हणजे तुझ्याशी बोलावं की नाही ते दारातच कळेल.

पण घोडं पेंड खात होतं ते मुख्याध्यापिकेच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या ढालीपाशी. तक्ता त्यांनी सगळ्याच वर्गांत लावायला लावला, आणि ज्या वर्गाचे सगळे चिमटे हसऱ्यावर, त्या वर्गाला दर शनिवारी बक्षिसाची ढाल. मग काय, पोरं घरी मार खाऊन आली तरी चिमटा हसऱ्यावरच. सगळे जिला ठिणगी म्हणायचे, ती एकटी मुलगी तेवढी रोज रागावलेल्यावर लावायची. आई घर सोडून गेलेली, दोन शाळांनी काढून टाकलेली, मावशीकडे राहणारी पोर. ढालीपायी कुणी तिचा चिमटा गुपचूप हलवला की ती त्याच्या अंगावर धावून जायची. मारामाऱ्यांचं मूळ हे आहे, हे बाईंना फार उशिरा कळलं. तोवर मोठ्या बाईंनी निक्षून सांगितलं होतं, आणखी एकदा असं झालं की दाखला हातात. मावशी रडकुंडीला आली होती. "बाई, आता हिला कुणी दारातसुद्धा उभं करणार नाही."

ढाल बंद करा, म्हणून बाईंनी मोठ्या बाईंना परोपरीने विनवलं. पालथ्या घड्यावर पाणी. उलट तपासणीला पाहुणे यायचे होते आणि तक्ता नीट दिसायला हवा होता.

त्या सकाळी पाहुण्यांची पावलं जिन्यात वाजली आणि बाईंचा धीर सुटला. एकच चिमटा रागावलेल्यावर होता. एवढा दिवस निभावला तर मोठ्या बाई मवाळ होतील, पोर वाचेल, असं मनाशी म्हणत बाईंनी आपल्याच हाताने तो उचलून हसऱ्यावर लावला. ठिणगी उठली आणि त्या हाताला कडकडून चावली.

दार उघडलं. मोठ्या बाईंनी रक्त पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

"दारात सापडला हात," बाई म्हणाल्या.

एकाही पोराने तोंड उघडलं नाही. खोटं कसं सांभाळायचं ते ढालीने त्यांना केव्हाच शिकवलं होतं. ठिणगी मात्र बाईंकडे बघत राहिली. मनात असेल ते खरं सांगावं, हे बाई रोज सांगायच्या. सगळ्या वर्गात तिनेच ते मनावर घेतलं होतं.

"मी चावले," ती म्हणाली. "बाईंनी माझा चिमटा हलवला."

चूक माझी आहे, हिला ठेवा, म्हणून बाई पाहुण्यांदेखत हातापाया पडल्या. कुणी ऐकलं नाही. दुपारी मावशी आली आणि पोरीला घेऊन गेली.

शनिवारी वर्गाला ढाल मिळाली. सगळे चिमटे हसऱ्यावर होते, तिचासुद्धा.